पहिल्यांदा कयाक घेऊन पाण्यात उतरताना

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी. सुरुवात नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यात करा, समुद्राची घाई नको. परवानगी आधी विचारून घ्या आणि सकाळी लवकर उतरा. दुपारकडे वारा वाढला की लाटा उठतात. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहील. नवखे नेमके उलटं करतात, मीही केलं होतं. किनारा समोर दिसत होता, पण हातांचे दंड भरून आल्यामुळे पोचायला दीड तास लागला.

- लाइफ जॅकेट अंगात हवं, पट्टे आवळलेले. पोहता येत असलं तरी!
- वल्हं नुसत्या हातांनी ओढू नका, कमरेतून वळा.
- कयाक उलटली तर ती धरून ठेवा. पोहत किनारा गाठायला जाऊ नका.

ही शेवटची गोष्ट पहिल्याच दिवशी, कमरेएवढ्या पाण्यात, सोबत कुणीतरी असताना मुद्दाम उलटून शिका. भीती तिथेच निम्मी जाते.

कोकणातल्या खाडीत पुढच्या हिवाळ्यात जाऊ. तिथे भरती-ओहोटीचं गणित असतं, जमिनीकडून सुटलेला वारा आत समुद्रात ओढून नेतो. तूर्त वल्हं हातात बसू द्या. पहिल्या फेरीला कधी निघताय, कळवा, मी येतो.