घोडं अडलं कुठे?

गेल्या अंकातली प्रश्नमंजूषा घोड्यांवर होती: साहित्यातले, इतिहासातले आणि तांग्याचे सुद्धा. निकाल लागला आणि पंचवटीतल्या माझ्या पत्त्यावर तक्रारींची पाकिटं यायला लागली. आयुष्यभर मराठीचे पेपर तपासले, त्यामुळे तक्रारींचं मला नवल नाही. नवल वेगळंच आहे. जे प्रश्न अवघड म्हणून घातले, ते लोकांनी पुस्तकं उघडून बरोबर सोडवले. ‘हे तर पाठच आहे’ म्हणून पुस्तक न उघडता लिहिलेले मात्र सपशेल चुकले. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते.

प्र. बाई, ट्रॉयचा लाकडी घोडा कोणत्या महाकाव्यात आहे, याला मी ‘इलियड’ लिहिलं. सगळ्या जगाला माहीत असलेलं उत्तर, आणि तुम्ही शून्य गुण दिलेत! (गंगापूर रोड)

उ. सगळ्या जगाला माहीत असेल, होमरला नव्हतं. ‘इलियड’ हेक्टरच्या अंत्यविधीपाशी संपतं आणि तेव्हा ट्रॉय उभंच असतं. लाकडी घोडा येतो तो ‘ओडिसी’त. आठव्या सर्गात डेमोडोकस नावाचा आंधळा गायक ती हकिगत गातो आणि ऐकता ऐकता ओडिसियसला रडू फुटतं. लाओकोऑन आणि त्या दोन सापांसकट सगळी गोष्ट हवी असेल तर व्हर्जिलच्या ‘इनीड’चा दुसरा सर्ग काढा. दोहोंपैकी कुठलंही नाव लिहिलं असतंत तरी गुण दिला असता. बरं, ‘इलियड’मध्ये घोड्यांचा तोटा आहे म्हणावं तर तसंही नाही. एकोणिसाव्या सर्गात अकिलीसचा झँथस हा घोडा चक्क माणसासारखा बोलतो आणि धन्याला त्याचं मरण जवळ आल्याचं सांगतो. काव्याच्या शेवटच्या ओळीतही हेक्टरचं विशेषण ‘घोडे माणसाळवणारा’ असंच आहे. इतके घोडे सोडून तुम्ही नेमका नसलेला धरलात.

प्र. नळराजाला अश्वविद्या येत होती, हे मान्य. पण त्या प्रश्नात बेहड्याचं झाड कुठून आलं? प्रश्न मुद्दाम फिरवून विचारलात. (म्हसरूळ)

उ. मी काही फिरवलं नाही. झाड वनपर्वातच आहे आणि मला विचाराल तर त्या प्रसंगातलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र तेच आहे.

नळ तेव्हा बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी होता. दमयंतीचं पुन्हा स्वयंवर, तेही उद्या सूर्योदयाला, असा निरोप आला. अयोध्येहून विदर्भ एका दिवसात गाठायचं! नळाने निवडलेले घोडे इतके कृश होते की राजा वैतागला, हे काय पोचणार म्हणाला. मग रथ असा सुटला की राजाचं उपरणं उडालं आणि ‘थांब, ते आणू दे’ म्हणेपर्यंत ते योजनभर मागे पडलं होतं. आता राजालाही आपली करामत दाखवायची खुमखुमी आली. वाटेत बेहडा दिसला. त्याकडे नुसतं बघून तो म्हणाला, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नळ हटून बसला: मोजल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. उशीर होतोय म्हणून राजा गयावया करतोय आणि हा खाली उतरून फळं मोजतोय! भरली तितकीच. तिथेच सौदा झाला. ऋतुपर्णाने फाशांचं रहस्य दिलं आणि त्या बदल्यातली अश्वविद्या ‘तूर्त तुझ्यापाशीच ठेव म्हणून राहू दे’ म्हणाला. ते रहस्य कळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडला आणि त्याच झाडात शिरला.

आता बेहडाच का? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात जुगाऱ्याचं सूक्त आहे (१०.३४), त्यातले फासे बेहड्याच्या फळांचेच आहेत. ही फळं ढिगाने घेऊन चाराच्या हिशेबात मोजायची, असा तो खेळ होता, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे झाडाकडे बघून फळांचा आकडा सांगणं ही राजाची नुसती फुशारकी नव्हती. जुगारात जिंकायला लागते ती नजर हीच. प्रश्न काढताना मी भद्रकालीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून मूठभर बेहडे आणले. त्रिफळ्यातलाच हा. वाळलेलं फळ करडं-तपकिरी, अंगाला बारीक लव आणि पाच अंधुक धारा. टेबलावर टाकलं की गडगडत जातं आणि कुठल्या बाजूवर थांबेल याचा भरवसा नाही. पण मूठभर फळं एकदम टाकून एका नजरेत मोजायला जा, म्हणजे ऋतुपर्णाबद्दल आदर वाढेल.

या प्रश्नाला बरोबर उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी सोबत अध्यायाचा क्रमांकही लिहिला होता. अशी उत्तरपत्रिका तपासताना चहा गार झाला तरी चालतो.

प्र. वेडात दौडलेल्या सातही वीरांची नावं विचारायला हवी होती. कवीचं नाव काय, कुणीही सांगेल. (ओझर)

उ. कुणीही? माझ्याकडे नाशिक शहरातूनच आलेल्या पाकिटांत ‘गोविंदाग्रज’ हे उत्तर आहे! गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. ते जानेवारी १९१९मध्ये गेले, तेव्हा आमचे कुसुमाग्रज सात वर्षांचेही झाले नव्हते. ज्या गावात तात्यासाहेब राहिले आणि ज्यांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, दरवर्षी भाषेचे सोहळे होतात, त्या गावाने तरी ‘अग्रज’ दिसला की पेन चालवू नये.

सातांच्या नावांचं म्हणाल तर प्रतापराव गुजर पक्के, मूळचे कुडतोजी. बहलोलखानावर ते तुटून पडले ते नेसरीला, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी. बाकी सहा नावं मात्र एका यादीत एक आणि दुसरीत दुसरी. ज्याचं उत्तर पुस्तकागणिक बदलतं, तो प्रश्न मी स्पर्धेत घालत नाही. त्यावर लेख लिहावा, गुण देऊ नयेत.

प्र. राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांना कोणत्या नदीचं पाणी पाजायचं आहे, याला मी ‘गोदावरी’ लिहिलं. गोदावरी त्याच कडव्यात आहे, अर्धा गुण तरी? (रविवार कारंजा)

उ. नाही. राजा बढ्यांनी गोदावरी घातली आहे ती घागरी भरायला. घोडे यमुनेवर गेले आहेत, आणि सगळा रुबाब त्या लांब जाण्यातच आहे. २०२३पासून हे राज्यगीत आहे, शाळेत रोज म्हणतात. नातवंडांना विचारायचंत की! गंगेत घोडं न्हालं असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्येक घोड्याला रामकुंडावर आणायचं म्हणजे फार झालं.

प्र. आजी, बारगीर आणि शिलेदार यांत फरक काय? बाबांनी उलट सांगितलं आणि माझं चुकलं. (सातपूर, इयत्ता सहावी)

उ. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. आणखी एक लक्षात ठेव, पुढे कामाला येईल: सभासदाच्या बखरीत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद सांगितला आहे. लढाई नुसत्या तलवारीवर होत नाही, पाणी आणि नालही लागतात. बाबांना सांग, पुढच्या वेळी त्यांनी स्वतंत्र पाकीट पाठवावं.

प्र. दातांवरून घोड्याचं वय खरंच कळतं का? यंदा सारंगखेड्याला जायचा विचार आहे. (सिन्नर)

उ. कळतं, पण एका मर्यादेपर्यंत. लहानपणी आमच्या आळीतल्या तांगेवाल्याने मला दाखवलं होतं. त्याने घोड्याचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला आणि पुढच्या दातांवरचे काळपट खड्डे दाखवले. पाचव्या वर्षापर्यंत पुढचे सगळे कायमचे दात येतात. मग चघळून चघळून खड्डे बुजायला लागतात: मधल्या जोडीचे साधारण सहाव्या वर्षी, शेजारच्यांचे सातव्या आणि कडेच्यांचे आठव्या. त्यापुढे दात किती तिरके झाले यावरून अंदाज बांधायचा, आणि विकणाऱ्याचा अंदाज नेहमी कमीच असतो.

सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या सुमाराला बाजार भरतो. तिथे कुणी गळ्याखालचा भोवरा दाखवून ‘देवमण आहे’ म्हणेल, कुणी चार पांढरे पाय आणि कपाळावरचा पट्टा दाखवून ‘पंचकल्याणी’ म्हणेल. शुभलक्षणांची किंमत वेगळी लावतात. मी असते तर आधी खूर बघितले असते, मग ओठ खाली ओढला असता, आणि देवमण सगळ्यात शेवटी.

प्र. ‘भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडलं?’ इतका पोरकट प्रश्न कशाला घातला? (देवळाली)

उ. सगळ्यांना एक तरी गुण मिळावा म्हणून. ‘न फिरवल्याने’ हे उत्तर आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना येतं, असा माझा समज होता. एका पाकिटात ‘सुनेचं लक्ष नव्हतं म्हणून’ असं आलं. भाकरीपुरतं ते धरून चालू. पण घोडा आणि विड्याचं पान हेही त्याच सुनेकडे होते का, याचा खुलासा उत्तरात नाही, म्हणून गुण दिलेला नाही.