वाचकांचे प्रश्न : शिकाऱ्याची सॅक आणि अजिंठ्याचे डोंगर

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यात शिक्षक आहे. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही चौघे सहकारी अंतूर, सुतोंडा आणि वेताळवाडी हे किल्ले तीन दिवसांत, जमेल तितके पायी फिरून पाहणार आहोत. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने त्याची शिकारीची ८० लिटरची सॅक मला दिली आहे. तिला धातूचा सांगाडा असून बंदूक अडकवण्याचे पट्टेही आहेत. ही सॅक वापरावी की नवी घ्यावी? आणि ती भरावी कशी? माझे वजन ५६ किलो आहे.

उत्तर : आपल्या मावसभावाची सॅक उत्तम प्रतीची असणार यात मला शंका नाही. मात्र ती ज्या कामासाठी शिवली गेली आहे, ते काम आपल्या वाट्याला येणारच नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ने शिकारीला बंदी आहे, आणि परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणे कलम ३१नुसार गुन्हा आहे. अंतूर किल्ला गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात येतो. तेव्हा बंदुकीचे पट्टे घरीच काढून ठेवावेत, म्हणजे तपासणी नाक्यावर विनाकारण खुलासे करावे लागणार नाहीत.

खरा फरक ओझ्याच्या दिशेत आहे. अमेरिकेतला शिकारी डोंगरात पाच-सात दिवस राहतो. जाताना त्याची सॅक बेताची असते. शिकार साधली तर परतीच्या वाटेवर ती एकाएकी जड होते. एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या पूर्ण वाढलेल्या नराचे हाडे काढलेले मांसच १०० किलोच्या आसपास भरते आणि ते एका खेपेला २५ ते ३५ किलो असे पाठीवरून गाडीपर्यंत आणावे लागते. म्हणून त्या सॅकमध्ये सांगाडा आणि पिशवी यांच्यामध्ये एक मोकळी फळीवजा जागा असते. मांस कापडी थैलीत भरून तेथे, पाठीला चिकटवून, आवळतात. एवढा भार पेलणारा सांगाडा हलका नसतोच. अशी सॅक रिकामीच अडीच ते साडेतीन किलोची भरते. आपले गणित याच्या अगदी उलट आहे. आपले सर्वांत जड सामान म्हणजे पाणी. ते निघतानाच सर्वांत जास्त असते आणि दर घोटाला कमी होत जाते. मराठवाड्यात सॅक निवडताना म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा, सॅकच्या आकाराचे लिटरचे आकडे त्यानंतर पाहावेत.

पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत ठेवावे, हा जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. आपल्यासाठी ते सुमारे ११ किलो होते. आता हिशेब करून पाहा : चार लिटर पाण्याचे चार किलो, तीन दिवसांच्या कोरड्या खाण्याचे पावणेदोन किलो, स्लीपिंग बॅग आणि मॅट मिळून पावणेदोन किलो, कपडे सव्वा किलो, औषधे, बॅटरी व किरकोळ सामान पाऊण किलो. हे साडेनऊ किलो झाले. पावणेदोन किलोची साधी सॅक घेतली तर सव्वाअकरा होतात आणि ते चालण्यासारखे आहे. सव्वातीन किलोची शिकारीची सॅक घेतली तर पावणेतेरा होतात, आणि सुतोंड्याच्या चढावर हा दीड किलोचा फरक मांड्यांना कळतो. त्यातच ८० लिटरची पिशवी अर्धी रिकामी दिसली की हात शिवशिवतो आणि ‘असू द्या, जागा आहे’ म्हणत आणखी एक चादर आत जाते. आपल्याला ५० लिटरची सॅक पुरे.

एक गोष्ट मात्र मी स्वतः जवळून पाहिली आहे, ती सांगतो. शिकारीच्या पुष्कळ सॅकांचे कापड मखमलीसारखे लवदार असते, कारण झुडपाला घासले तरी त्याचा खसखस आवाज होत नाही. एका मित्राची अशी सॅक घेऊन आम्ही वेताळवाडीच्या पायथ्याच्या गवतातून अर्धा तास चाललो. कुसळी गवत वाळण्याचे ते दिवस होते. वर पोहोचलो तेव्हा सॅकची खालची बाजू कुसळांनी साळिंदरासारखी दिसत होती. प्रत्येक कुसळाचे टोक उलट्या केसांचे असते, त्यामुळे ते ओढून निघत नाही, आत सरकत जाते. दुसऱ्या दिवशी तीच कुसळे स्लीपिंग बॅगमध्ये आणि तेथून अंगात टोचू लागली. आपल्या रानासाठी गुळगुळीत, जाड नायलॉनच बरे. ते कुसळ धरत नाही आणि दवाने जड होत नाही.

नवी सॅक घेताना उंची सांगू नका, पाठ मोजा. मान पुढे झुकवली की तिच्या तळाशी जे हाड ठळकपणे वर येते, तेथून शिंप्याची टेप खाली सोडावी. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवल्यावर अंगठे पाठीवर ज्या रेषेत येतात, तेथवरचे अंतर हे आपले माप. बहुतेक प्रौढांचे ते ४० ते ५५ सेंटिमीटरच्या दरम्यान येते, आणि सारख्या उंचीच्या दोन माणसांतही त्यात चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. मावसभावाची सॅक आपल्याला होईल की नाही, याचा निकाल खरे तर हे एकच माप देईल.

भरण्याबाबत शिकाऱ्यांकडून एक धडा जरूर घ्यावा : जड वस्तू पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या पात्यांच्या उंचीवर असावी. तळाशी स्लीपिंग बॅग घालावी. तिच्यावर, पाठीच्या बाजूला, पाणी आणि खाणे ठेवावे, आणि पाण्याभोवती कपडे असे दाबून बसवावेत की सॅक हलवली तरी आतून काही सरकू नये. मी एकदा दोन लिटरची बाटली बाहेरच्या खिशात ठेवून अंतूर उतरत होतो. वळणावर बाटलीने सॅक एका बाजूला ओढली, पाय मुरुमावर घसरला आणि मनगट महिनाभर बांधून ठेवावे लागले. बाहेरच्या खिशात अर्ध्या लिटरची एकच बाटली ठेवावी. ती रिकामी झाली की आतून भरावी.

सुतोंड्यावर खडकात कोरलेली पाण्याची टाकी पुष्कळ आहेत. तरीही टाक्यातले पाणी कापडातून गाळून, क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नये. अभयारण्यात आग पेटवण्यास मनाई आहे आणि परवानगीवाचून मुक्कामही करता येत नाही, म्हणून रात्री पायथ्याच्या गावात, देवळात किंवा शाळेत, विचारून थांबावे. यामुळे तंबू आणि स्टोव्ह दोन्हींचे वजन वाचते. (गॅसची डबी रेल्वेत नेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.) खाण्यासाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि फुटाणे यांच्याइतके वजनाला हलके आणि पोटाला टिकणारे दुसरे मला माहीत नाही. धपाटे पूर्ण गार झाल्यावरच कापडात बांधावेत. गरम असताना प्लास्टिकमध्ये कोंबले तर दुसऱ्या सकाळी बुरशी धरतात. या डोंगरांत डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जाऊ शकतो, तेव्हा कानटोपी आणि कोरडे मोजे झोपेसाठी वेगळे ठेवावेत, ते दिवसा वापरू नयेत.

सर्वांत वरच्या कप्प्यात बॅटरी, औषधे, शिट्टी आणि वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक लिहिलेला कागद असावा. सुगंधी तेल व अत्तर मात्र घरीच ठेवावे, कारण कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि उग्र वासाने माश्या उठू शकतात.

प्रश्न : मी अंबाजोगाईची असून पक्षीनिरीक्षणासाठी दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या करते. दुकानात सॅक अगदी बरोबर बसली होती, पण प्रवासात खांदे काळेनिळे पडले. दोष सॅकचा की माझा?

उत्तर : दोष रिकाम्या सॅकवरून केलेल्या पारखीचा आहे, ताई. रिकामी सॅक सगळ्यांनाच बरोबर बसते. घरी आठ किलो ज्वारीची पिशवी सॅकमध्ये घालून वीस मिनिटे जिना चढा-उतरा, म्हणजे ती खरी कशी आहे ते कळेल. मात्र सॅक चढवण्याचा क्रम पाळावा. आधी सर्व पट्टे सैल सोडावेत. मग कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसवून आवळावा, पोटावर नव्हे. त्यानंतर खांद्याचे पट्टे अंगाला लागतील इतकेच ओढावेत, आणि शेवटी खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे ओढपट्टे व छातीचा पट्टा. असे केल्यावर सुमारे तीन चतुर्थांश भार कमरेवर यायला हवा. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकत नसतील, तर भार अजून खांद्यांवरच आहे. एवढे करूनही पट्टा कमरेवरून घसरत राहिला, तर ती सॅक आपल्या पाठीला लांब आहे. स्त्रियांसाठी बनवलेल्या सॅकची पाठ आखूड, कमरपट्टा वरच्या बाजूला निमुळता आणि खांद्याचे पट्टे वळणदार असतात. अशी एखादी भरून पाहिल्याशिवाय जुन्या सॅकवर आणखी खर्च करू नका.

प्रश्न : सॅक धुवावी कशी? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : मशीनमध्ये टाकू नये आणि डिटर्जंटही वापरू नये, कारण त्याने आतला जलरोधक लेप निघतो. कोमट पाण्यात रिठे भिजवून, मऊ ब्रशने, घामाचे पट्टे आणि पाठीची बाजू तेवढी घासावी, आणि सर्व चेन उघड्या ठेवून सावलीत उलटी टांगावी. ओलसर सॅक गुंडाळून पेटीत ठेवली, किंवा उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत माळ्यावर टाकली, तर तोच लेप चिकट होऊन सोलू लागतो, आणि एकदा सोलू लागल्यावर त्याला उपाय नाही.