जुन्या कॉन्झर्व्हेटरीची राहती खोली: वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या वाचकांच्या पत्रांत परसदारच्या कॉन्झर्व्हेटरीचा विषय वारंवार येतो, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. महाराष्ट्रातील वाचकांसाठी एवढे सांगतो की, घराच्या मागील दाराला लागून गुडघाभर विटांच्या भिंतीवर यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटी, दुहेरी काचा आणि वर बहुधा पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकचे अर्धपारदर्शक छप्पर, असे तिचे स्वरूप असते. पुढील उत्तरे इंग्लंडमधील नियमांना धरून आहेत; स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत.

प्रश्न: आमचे लंडनच्या हॅरो भागातील घर १९३०च्या दशकातले, एका बाजूने शेजाऱ्यांच्या घराला जोडलेले आहे. आधीच्या मालकांनी २००१च्या सुमारास बांधलेली कॉन्झर्व्हेटरी मागे साडेतीन मीटर आली आहे. हिवाळ्यात तिथे बसवत नाही आणि जुलैत दुपारी पाऊल ठेववत नाही. नोव्हेंबरमध्ये सासूबाई आणि सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. मधले दार काढून जेवणघर आणि कॉन्झर्व्हेटरी एक करावी, असा विचार आहे. एक बिल्डर म्हणतो, आहे त्या छपराला आतून बोर्ड मारून दोन दिवसांत छत करून देतो, परवानगी लागत नाही. दुसरा छप्पर बदला म्हणतो, तर तिसरा सगळे पाडून नव्याने बांधा म्हणतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर: तिन्ही बिल्डर छपराविषयी बोलत आहेत, परंतु आपला पहिला निर्णय त्या मधल्या दाराचा आहे. जमिनीलगतची, एकमजली आणि ३० चौरस मीटरपेक्षा लहान कॉन्झर्व्हेटरी बांधकामाच्या नियमांतून, म्हणजे बिल्डिंग रेग्युलेशन्समधून, सुटते. पण ती घरापासून बाहेरच्या दर्जाच्या भिंतीने, दाराने किंवा खिडकीने वेगळी असेल आणि तिथली उष्णता स्वतंत्रपणे चालू-बंद करता येत असेल, तरच. दार काढले, किंवा घरातील बॉयलरचा एखादा रेडिएटर साध्या जोडणीने आत नेला, की ही सवलत संपते आणि त्या जागेला सामान्य वाढीव खोलीचे नियम लागू होतात. तेव्हा ‘परवानगी लागत नाही’ हे पहिल्या बिल्डरचे म्हणणे दार जागेवर राहील असे गृहीत धरले तरी संशयास्पद आहे, आणि आपल्या बेताला तर ते मुळीच लागू पडत नाही.

त्या बिल्डरचा उपाय मला एका व्यावहारिक कारणासाठीही पसंत नाही. पॉलीकार्बोनेटच्या खाली लाकडी पट्ट्या, त्यांत थोडे इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, आणि खाली प्लास्टरबोर्ड ठोकला की खोली काही आठवडे छान वाटते. मात्र माणसांच्या श्वासातली, चहाच्या आधणाची आणि वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ त्या बोर्डाच्या फटींतून वर जाते आणि गार पॉलीकार्बोनेटच्या पोटाला लागून तिचे पाणी होते. वाफ अडवणारा सलग पडदा आणि वरून हवा खेळायला मोकळी जागा या दोन्ही गोष्टी दोन दिवसांच्या कामात क्वचितच नीट होतात. मग बोर्डाच्या सांध्यांवर आधी पिवळसर रेषा आणि पुढे काळी बुरशी दिसू लागते, तोवर वरचे लाकूड भिजलेले असते.

दुसऱ्या बिल्डरचा मार्ग, म्हणजे जुने छप्पर उतरवून ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे, जाड इन्सुलेशनचे आणि हलक्या कौलांचे छप्पर बसवणे, हा प्रामाणिक मार्ग आहे. त्यासाठी बिल्डिंग कंट्रोलकडे, म्हणजे बांधकाम नियमांनुसार होते का हे तपासणाऱ्या यंत्रणेकडे, अर्ज करावा आणि काम संपल्यावर पूर्णत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे. फरक मोठा पडतो: १६ मिलिमीटर जाडीच्या जुन्या पॉलीकार्बोनेटचे यू-मूल्य, म्हणजे बाहेर-आत एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून निसटणारे वॅट, दोनच्या वर असते, तर नव्या छपराकडून आज ०.१५ची अपेक्षा असते. पण दार काढायचे तर भिंतींसाठी आणि जमिनीसाठी ०.१८, खिडक्यांसाठी १.४ हेही आकडे समोर येतात, आणि तिथे आपली गुडघाभर भिंत, वीसहून अधिक वर्षांच्या चौकटी आणि बहुधा इन्सुलेशनशिवाय ओतलेली काँक्रीटची फरशी अडते. नवे छप्पर जुन्याहून जड असल्यामुळे काचेच्या चौकटी ते भार पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून गणिताने ठरवून घ्यावे लागते. कोपऱ्यांतील खांब नुसत्या यूपीव्हीसीचे आहेत की आत धातू आहे, हे तो पहिल्या भेटीतच बघतो.

खरा कस पायाचा लागतो. कॉन्झर्व्हेटरीचे पाये बहुधा उथळ असतात, आणि लंडन परिसरातील चिकणमाती उन्हाळ्यात आकसते व हिवाळ्यात फुगते. जवळ मोठे झाड असेल तर ही हालचाल वाढते. म्हणून कोणताही करार करण्यापूर्वी बुटक्या भिंतीलगत एक खड्डा खणून पाया किती खोल आहे ते प्रत्यक्ष पाहावे. राहत्या खोलीसाठी या मातीत एक मीटरची खोली ही सुरुवात समजली जाते, आणि झाडांजवळ बिल्डिंग इन्स्पेक्टर त्याहून पुष्कळ जास्त मागू शकतो. मुख्य घर आणि कॉन्झर्व्हेटरी यांच्या सांध्यावर वरून खाली तिरपी भेग गेलेली असेल, तर खड्ड्याचे उत्तर बहुतेक आधीच मिळालेले आहे.

एक बारीक गोष्ट बिल्डरच्या अंदाजपत्रकात सहसा सापडत नाही, म्हणून ती मी मुद्दाम लिहितो. आपल्या घराची भिंत मध्ये पोकळी ठेवून बांधलेली असेल, तर पावसाचे पाणी बाहेरच्या विटांतून झिरपून त्यांच्या आतल्या अंगाने खाली उतरते आणि आजवर त्याने काही बिघडत नव्हते. आता नव्या छपराखालची तीच बाहेरची भिंत खोलीतली भिंत होणार. म्हणून छपराच्या रेषेवर विटा काढून पोकळीत कॅव्हिटी ट्रे बसवावा लागतो, जो ते पाणी अडवून शिशाच्या पट्टीवरून छपरावर सोडतो. हे केले नाही तर जोराच्या पश्चिमी पावसानंतर जेवणघराच्या नव्या मोकळ्या जागेवरील तुळईलगत ओल दिसते, आणि मग नव्या छपराला विनाकारण दोष दिला जातो. तसेच फरशीखाली मॅनहोल लपलेले नाही ना, हेही बघा. सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी कामापासून तीन मीटरच्या आत असेल, तर पाणीपुरवठा कंपनीची संमती लागते. शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या बहुतेक वाहिन्या ऑक्टोबर २०११पासून या कंपन्यांच्या ताब्यात आहेत.

या सर्वांचा विचार करता, दार काढायचेच असेल तर मी तिसऱ्या बिल्डरच्या बाजूचा आहे. मात्र जुनी साडेतीन मीटर होती म्हणून नवीही तितकीच बांधता येईल, असे धरून चालू नका. जोडलेल्या घराला प्लॅनिंग परवानगीविना मूळ मागच्या भिंतीपासून तीन मीटरपर्यंतच एकमजली वाढ करता येते. त्यापुढे सहा मीटरपर्यंत जायचे तर काउन्सिलकडे पूर्वसूचनेचा अर्ज करावा लागतो, शेजाऱ्यांना कळवले जाते आणि निर्णयासाठी ४२ दिवसांची मुदत असते. आपले घर संरक्षित विभागात असल्यास हा मार्ग खुला नाही. शेजाऱ्यांच्या घरापासून तीन मीटरच्या आत त्यांच्या पायाहून खोल खणणार असाल, तर १९९६च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे त्यांना एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस हातात ठेवण्यापूर्वी एकदा त्यांच्याकडे जाऊन नीट बोलून यावे, हे कायद्यात नसले तरी उपयोगाचे आहे.

हे सर्व नोव्हेंबरपूर्वी होणार नाही, आणि ज्येष्ठ माणसे घरात असताना मागची भिंत फोडून ठेवण्यात अर्थ नाही. या हिवाळ्यात मधले दार बंद ठेवावे, जेवणघरातील ऊबदार कोपरा सासूबाई-सासऱ्यांना द्यावा, त्या काळात आराखडे आणि अर्ज पूर्ण करावेत आणि ते परतल्यावर वसंतात काम सुरू करावे. छपरात एखादी खिडकी अवश्य ठेवा, नाहीतर मधले जेवणघर दिवसाही दिव्याशिवाय वापरता येणार नाही. अंदाजपत्रकात २० टक्के व्हॅट धरला आहे का, हे लेखी विचारा.

प्रश्न: लेस्टरमधील आमचे घर विकायला काढले आहे. २०१६मध्ये आम्ही कॉन्झर्व्हेटरीवर कौलांचे छप्पर घातले, पण बिल्डिंग कंट्रोलचे प्रमाणपत्र घेतले नाही. खरेदीदाराचे वकील ते मागत आहेत. काउन्सिलला फोन करून विचारू का?

उत्तर: फोन लगेच करू नका, आधी आपल्या सॉलिसिटरशी बोला. आपल्यापुढे दोन वाटा आहेत आणि एकीवर पाऊल टाकले की दुसरी सहसा बंद होते. पहिली वाट म्हणजे झाल्या कामाचे नियमितीकरण. त्यासाठी स्थानिक काउन्सिलकडेच अर्ज करावा लागतो, खाजगी तपासनीस ते देऊ शकत नाहीत. आणि इन्सुलेशन व जोड दिसावेत म्हणून छताचा काही भाग उघडून दाखवायला सांगितले जाऊ शकते. दुसरी वाट इन्डेम्निटी विम्याची, म्हणजे प्रमाणपत्र नसल्याच्या जोखमीपोटी काढायच्या विम्याची. तो स्वस्त आणि जलद असतो. मात्र काउन्सिलशी आधीच संपर्क झाला असेल तर विमा कंपन्या तो बहुधा नाकारतात. शिवाय तो काउन्सिलच्या कारवाईमुळे होणाऱ्या आर्थिक नुकसानीपुरता असतो, छप्पर चांगले आहे याची तो हमी देत नाही. खरेदीदार जाणकार असेल तर तो स्वतःचा सर्व्हेयर आणील, आणि ते योग्यच आहे. माझे मत विचाराल तर, काम चांगले झाल्याची आपल्याला खात्री असेल आणि हाताशी वेळ असेल तर नियमितीकरण करून घ्यावे.

प्रश्न: सध्या मोठा खर्च शक्य नाही. मिल्टन कीन्समधील आमच्या दक्षिणाभिमुख कॉन्झर्व्हेटरीतला उन्हाळ्यातील उकाडा तरी कमी करता येईल का?

उत्तर: येईल. ऊन काचेतून आत आल्यानंतर ते आतल्या पडद्याने अडवण्यापेक्षा बाहेरच अडवणे जास्त परिणामकारक असते, म्हणून आतल्या महागड्या ब्लाइंडआधी बाहेर सोडण्याच्या कापडी छताचा, म्हणजे ऑनिंगचा, किंवा काचेवर बाहेरून लावण्याच्या फिल्मचा विचार करा. फिल्म लावण्यापूर्वी ती आपल्या दुहेरी काचांना चालते का, हे उत्पादकाकडून तपासून घ्या, कारण काही प्रकारांत काच असमान तापून तडकते. छपराच्या माथ्यावर उघडणारी हवेची फट रंगाने किंवा कचऱ्याने बुजली असल्यास मोकळी करा आणि खालची एखादी खिडकी तिच्यासोबत उघडी ठेवा.