आईच्या तळपायावरील गाठीचा अहवाल ‘एक्राइन पोरोमा’ असा आला आहे. हा कर्करोग असतो का?

नाही. एक्राइन पोरोमा हे घामाच्या नलिकेतील पेशींपासून वाढणारे, दुर्मीळ परंतु सौम्य अर्बुद आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या उजव्या तळपायातून सहा वर्षांपूर्वी ते काढले गेले, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

सुरुवातीला मला ते पायाला होणारे कुरूप, म्हणजे कॉर्नच वाटले. रोज सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारताना टाचेजवळ काहीतरी टोचू लागले, तेव्हा चपलेला दोष देत मी कितीतरी दिवस कॉर्नकॅप (कुरुपावर लावायची औषधी पट्टी) लावत राहिलो. वास्तविक कुरूप कडक व पिवळट असते; ही गाठ मऊ, लालसर, वाटाण्याएवढी होती, तिच्याभोवती खंदकासारखी बारीक खाच होती आणि नुसत्या घासण्यानेही तिच्यातून रक्त येत असे. ती खाच ही पोरोमाची ओळखीची खूण आहे, हे मला फार उशिरा कळले. पुढे एका दवाखान्यात चामखीळ समजून ती विजेने जाळण्यात आली, तपासणीसाठी काहीच पाठवले गेले नाही, आणि आठ महिन्यांत ती त्याच जागी पुन्हा उगवली. याचा राग मला अजूनही येतो, कारण रंगद्रव्य नसलेला मेलानोमा हा घातक कर्करोगही तळपायावर असाच दिसू शकतो, आणि जाळून टाकलेल्या गाठीचे निदान कोणालाच करता येत नाही. तुमच्या आईंची बायॉप्सी आधीच झाली, हे फार चांगले झाले.

या गाठीचे पहिले वर्णन 1956 मध्ये गोल्डमन, पिंकस व रोगिन यांनी केले. तळवे व तळहात येथे घामग्रंथी सर्वांत दाट असल्याने ती बहुधा तिथेच, आणि बहुतेकदा चाळिशीनंतर आढळते. क्वचित, विशेषतः वर्षानुवर्षे तशीच राहिलेल्या गाठीत, पोरोकार्सिनोमा हा कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून ती मुळासकट काढणे हाच उपाय. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात काढलेल्या भागाच्या कडांवर गाठीच्या पेशी उरलेल्या नाहीत असे स्पष्ट लिहिले आहे का, हे अवश्य विचारा. दरम्यान गाठ झपाट्याने वाढली, चिघळली किंवा दुखू लागली, तर शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहू नका.

शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते. माझे टाके मात्र तीन आठवडे होते. डॉक्टरांची हरकत नसेल तर पावसाळा टाळा. मी जुलैत नौपाड्याच्या तुंबलेल्या गल्लीतून, पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, रिक्षापर्यंत लंगडत जात असे.