मानेतली गाठ काढली तर खांदा का कमजोर होईल?

तुमच्या भावाच्या मानेत डाव्या बाजूला गाठ आहे, टीबीचा संशय म्हणून ती काढून तपासायची आहे, आणि संमतीपत्रावर 'खांदा कमजोर होऊ शकतो' हे वाचून घरचे घाबरलेत. मी कान-नाक-घसा आणि मानेच्या शस्त्रक्रिया करतो. हे वाक्य तिथे नसतं, तर मला जास्त काळजी वाटली असती.

भावाला तोंड उजवीकडे वळवायला सांगा आणि तुम्ही हनुवटीला हात लावून जरा अडवा. डाव्या कानामागून छातीच्या हाडापर्यंत एक जाड स्नायू ताठ उभा राहील. तो स्टर्नोमॅस्टॉइड. त्याच्या मागे ट्रॅपेझियस या मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या स्नायूपर्यंत आणि खाली कॉलरबोनपर्यंत जो मऊ त्रिकोण आहे, गाठ तिथे असेल तर सगळा प्रश्न स्पायनल ॲक्सेसरी नर्व्हचा (नर्व्ह म्हणजे मज्जातंतू) आहे. मेंदूकडून निघणाऱ्या नर्व्हच्या १२ जोड्यांपैकी ही अकरावी. स्टर्नोमॅस्टॉइडच्या मागच्या कडेपासून ती तिरकी खाली-मागे उतरते आणि ट्रॅपेझियसमध्ये शिरते. खांदा उचलून धरण्याचं मुख्य काम याच स्नायूचं.

अडचण अशी की त्या त्रिकोणात ती फार वरवर असते. कातडी, थोडी चरबी, फॅशियाचा, म्हणजे स्नायूंवरच्या आवरणाचा, एक पातळ पदर, बस्स. आणि लिम्फच्या गाठींची रांग नेमकी तिच्याच कडेने जाते. टीबीत या गाठी एकमेकींना आणि आजूबाजूला चिकटतात. चिमट्याने गाठ वर ओढली की चिकटलेली नर्व्हही सोबत वर येते, आणि बुडाशी न बघता कात्री किंवा कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापायचं साधन) चालवली तर तुटते.

थायरॉइडच्या ऑपरेशनला सगळे सर्जन नर्व्ह सांभाळायच्या तयारीने येतात. आवाजाची रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह डाव्या बाजूला छातीत महाधमनीला वळसा घालून परत वर येते, उजवीकडे सबक्लेव्हियन धमनीला. क्वचित उजवीकडची हा वळसा न घेता थेट येते, आणि तेही आधीपासून डोक्यात ठेवावं लागतं. 'छोटी गाठ, जागेवर भूल देऊन अर्ध्या तासात काढू' म्हणताना मात्र तेवढी सावधगिरी बाळगली जात नाही. माझ्या मते ही चूक आहे. नर्व्ह किती जवळ आहे हे गाठीच्या आकारावर ठरत नाही.

ॲक्सेसरी नर्व्ह शोधायची एक चांगली खूण आहे. स्टर्नोमॅस्टॉइडच्याच मागच्या कडेला वळसा घालून ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह कानाकडे चढते. ती वळते त्या जागेच्या वर, सहसा २ सेंटीमीटरच्या आत, ॲक्सेसरी सापडते. पण माणसागणिक फरक असतो, म्हणून नुसत्या मापावर विसंबत नाही. गाठ सोडवताना नर्व्ह डोळ्याला दिसलेली असावी.

आता तुम्ही काय करायचं. आधी विचारा: सुईने पाणी काढून तपासणी झाली का? त्यावर टीबीची सीबीनॅट चाचणी (जंतूंचा डीएनए शोधणारी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) करता येतं, आणि पुष्कळदा निदान तिथेच होतं. तरीही गाठ काढावीच लागली, तर सोयीच्या जागची, नर्व्हपासून लांबची दुसरी गाठ आहे का, हे सोनोग्राफीत बघायला सांगा.

ऑपरेशननंतर जागेवरच्या भुलीमुळे खांदा काही तास जड वाटू शकतो. पण टाके काढायला जाल तेव्हाही हात बाजूने डोक्याच्या वर जात नसेल, केस विंचरताना त्रास होत असेल, तो खांदा खाली झुकलेला दिसत असेल, तर 'टाक्यांचं दुखणं आहे, जाईल' म्हणून महिनोन् महिने मलम चोळत बसू नका. त्याच सर्जनना दाखवा, ईएमजी (स्नायू आणि नर्व्हचं काम मोजणारी) तपासणी करायची का ते विचारा. तुटलेली नर्व्ह जोडता येते, आणि पहिल्या काही महिन्यांत जोडली तर खांदा सुधारण्याची शक्यता बरीच चांगली असते.