व्हॅक्यूम क्लीनर ओढत नाही, मधेच बंद पडतो. मोटर बदलायची का?

तुमचं मशीन तीन वर्षांचं. ओढ कमी झालीय, आवाज चढलाय, दहा मिनिटं चालवलं की आपोआप बंद पडतं आणि अर्ध्या-पाऊण तासानं परत चालू होतं. दुरुस्तीवाला म्हणतो मोटर गेली. टिळकवाडीत राहता, म्हणजे आमच्या बेळगावचेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोटर बदलायला इतक्यात हो म्हणू नका.

मी उद्यमबागेत मोटर वायंडिंगच्या कामात बरीच वर्षं काढली. जळालेली मोटर अर्ध्या तासानं उठून परत फिरत नाही हो. तुमच्या मशीनमध्ये थर्मल ट्रिप होतोय, म्हणजे मोटर वाचवणारा आतला स्विच पडतोय. मोटर तापली की तो करंट तोडतो, थंड झाली की जोडतो. म्हणजे मोटर कशामुळं तापते, हा खरा प्रश्न.

आवाज चढला की मोटरीवर लोड आला, असं सगळ्यांना वाटतं. उलट आहे. आतला पंखा हवा ढकलतो, तेच त्या मोटरीचं ओझं. वाट तुंबली की ढकलायला हवाच उरत नाही, ओझं कमी होतं, मोटर मोकळी सुटते आणि जास्त वेगानं फिरते. म्हणून ती किंचाळते. आणि घरच्या साध्या कोरड्या मशीनमध्ये पिशवीतून आलेली हवाच मोटरीवरून जाऊन तिला थंड ठेवते. हवा बंद, म्हणजे मोटरीचं पाणी तोडल्यासारखं. वेगात फिरते आणि तापते, दोन्ही एकदम.

आता वाट कुठं तुंबलीय ते शोधा. मशीनला लावलेला पाइप काढा, चालू करा आणि मशीनच्या तोंडावर तळहात धरा. हात जोरात ओढला गेला तर मशीन ठीक आहे, बोळा पाइपात नाहीतर ब्रशात बसलाय. ओढ ढिलीच असली तर पिशवी किंवा फिल्टर. नवी पिशवी आणि स्वच्छ फिल्टर घालूनही तसंच राहिलं, तर झाकणाचं रबर बघा, चीर पडली असेल. तेही ठीक निघालं तरच मोटरीचं बोलू. उघडायच्या आधी प्लग काढायचा, हे सांगायला नको.

पिशवी अर्धी रिकामी दिसते म्हणून लोक फसतात. आपल्याकडची लाल माती सुकली की इतकी बारीक होते की ती पिशवीच्या कापडाच्या छिद्रांत जाऊन बसते. मग पिशवी भरायच्या आधीच बंद होते. कापडी असेल तर अंगणात उलटी करून झटका, ब्रशनं बाहेरूनही झाडा. कागदी असेल तर टाकून द्या, झटकून परत वापरायची नाही. फाटली तर सगळी माती थेट मोटरीत. दिवाळीतली रांगोळी मशीननं ओढायचीच नाही, केरसुणीनं गोळा करा. तो दगडाचा पूड आहे, एका अंगणानं फिल्टर चोंदतो. चुलीची राख, सिमेंट, सांडलेलं पीठ, सगळं त्याच जातीचं.

मोटरीच्या आधी एक स्पंजाचा फिल्टर असतो, तो बहुतेकांना माहीतच नसतो. धुवायचा असं पुस्तिकेत लिहिलं असेल तर साध्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, आणि सावलीत पूर्ण वाळवा. इथं मी स्वतः एकदा घोळ केलाय. आषाढात धुतला, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, चार दिवस टॉवेलसुद्धा वाळत नाही. वरून कोरडा लागला म्हणून घातला. महिनाभर घरात ओल्या पोत्याचा वास, आणि बायको प्रत्येक रविवारी विचारायची, आज साफ करायचंय की घाण? तेव्हापासून फिल्टर मे महिन्यात धुतो आणि पावसाळ्यासाठी एक जादा आणून ठेवलाय. तुमच्याही मशीनला वास येत असेल तर हेच कारण बघा. पिशवीत अत्तर किंवा डांबरगोळ्या टाकायचा सल्ला देणारे आहेत, वास तेवढा मिसळतो. मागच्या बाजूचा हेपा फिल्टर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेतली अगदी बारीक धूळ अडवणारा, मात्र धुता येतो असं लिहिलं नसेल तर पाण्याजवळ नेऊ नका. तो बदलायचा.

आम्ही वडगावात राहतो, गल्लीत अजून माग चालतात. सुताचे तंतू उंबरा ओलांडून आत येतातच, त्यात घरातले लांब केस, की ब्रशाच्या रुळावर दोरखंड तयार. ओढत बसू नका, कात्रीनं रुळाच्या लांबीनं कापा, तुकडे आपोआप सुटतात. रुळाची दोन्ही टोकं बघायला विसरू नका, केस तिथं शिरून बेअरिंग धरतात. पाइपात बोळा असेल तर वरून एक रुपयाचं नाणं सोडून बघा, खाली खणकन् पडलं की वाट मोकळी. नाही पडलं तर जाड दोरी किंवा बोथट काठी घाला. तार नको, पाइप फाटतो.

आणि हे सगळं करूनही मोटर रडत असेल, आत जास्त ठिणग्या दिसत असतील, तरी आधी कार्बन बघायला सांगा. मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या दोन लहान कांड्या असतात, घासून आखूड होतात. दोन्ही एकदमच बदलायच्या, मोटरीच्या मानानं किंमत काहीच नाही. नव्या कार्बनला बसायला थोडा वेळ लागतो, सुरुवातीला किंचित ठिणगी दिसली तर घाबरू नका. गुरगुर येत असेल तर बेअरिंग, तेही वेगळं बदलता येतं.

पिशवी आणायला जाताना मशीनच्या बुडाशी चिकटवलेल्या मॉडेल नंबरचा फोटो काढून न्या. नुसतं "अमक्या कंपनीची द्या" म्हटलं की भलतीच मिळते, आणि कडेनं धूळ निसटली की परत पहिल्यापासून सुरू.