करिअर मार्गदर्शन: सनस्क्रीनमधलं संशोधन आणि अकरावीतलं गणित

राळेगाव तालुक्यातल्या एका कापूस उत्पादक वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांची लेक अकरावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलेत. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने ‘वनस्पतींपासून मिळणारे नॅनोकण वापरून मिनरल सनस्क्रीन कसं सुधारता येईल’ हा विषय निवडला आणि आता पुढे हेच करायचं म्हणते. वडिलांचे प्रश्न तीन: हे शिक्षण खरं आहे की नुसतं फॅड? कॉलेजचे सर म्हणतात तसं गणित सोडू द्यावं का? आणि बचत गटातल्या बाया तिच्याकडून क्रीम बनवून घेऊन विकायचं म्हणतात, तर विकावी का?

भाऊ,

आधी गणिताचं सांगते, कारण ते लवकर ठरवावं लागेल. गणित सोडू देऊ नका. तिला ज्या विषयाची ओढ लागली आहे, त्याची महाराष्ट्रातली सगळ्यात चांगली दारं गणिताशिवाय उघडत नाहीत. सरांचा हेतू चांगला असेल, बायोलॉजीवाल्या मुलांना ओझं कमी व्हावं असं त्यांना वाटत असेल. पण हा विषय वनस्पतींचा वाटला तरी मुळात रसायनशास्त्राचा आहे.

विषय खरा आहे का, तर हो. मिनरल सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी असते. ती कातडीवर बसून उन्हातले अतिनील किरण मुख्यतः शोषून घेते. या भुकटीची जुनी तक्रार तुमच्या गावातली कोणतीही बाई सांगेल: लावली की चेहरा पांढराफटक, सावळ्या रंगावर तर राख फासल्यासारखा. कण १०० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बारीक केले की पांढरेपणा कमी होतो, पण इतके बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. गुठळ्या झाल्या की पांढरेपणा परत येतो आणि थरात फटी राहतात, त्यातून ऊन आत शिरतं. टायटॅनियम डायऑक्साइडचा आणखी एक त्रास म्हणजे तो उन्हात क्रीममधल्या इतर घटकांना बिघडवतो, म्हणून कारखान्यात त्याच्या कणांवर सिलिका किंवा अॅल्युमिनाचं पातळ कवच चढवतात.

वनस्पती कामी येतात त्या इथे. कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्यावर सल्फ्युरिक आम्लाची नेमकी प्रक्रिया केली की काही नॅनोमीटर जाडीच्या काड्या मिळतात, त्याला नॅनोसेल्युलोज म्हणतात. या काड्या तेल आणि पाण्याच्या सीमेवर बसून क्रीम फुटू देत नाहीत आणि झिंकच्या कणांना एकमेकांपासून लांब ठेवायला मदत करतात. दुसरा पदार्थ लिग्निन. झाडाला ताठपणा देतो तो हाच, आणि पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडाच्या काड्यांत, त्याचा वाटा पाव हिस्स्याच्या आसपास असतो. लिग्निन स्वतःच अतिनील किरण शोषतं. २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी साध्या क्रीममध्ये लिग्निन मिसळून संरक्षण वाढतं हे दाखवलं, आणि तेव्हापासून त्यावर बरंच काम सुरू आहे.

लिग्निनचा तपकिरी रंग हा परदेशातल्या बऱ्याच प्रयोगशाळांना दोष वाटतो, तो घालवायला त्या झटतात. मला मात्र आपल्याकडे तो गुण ठरू शकतो असं वाटतं. शेतात राबणाऱ्या किती बायांच्या गालावर वांग असतात, ते तुम्ही पाहता. वांग वाढायला अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही कारण असतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ अशांना लोह ऑक्साइडचा तपकिरी रंग घातलेलं सनस्क्रीन सुचवतात. सावळ्या चेहऱ्यावर पांढरं न दिसणारं, स्वस्त, निंदणाला जाणारी बाई रोज लावू शकेल असं सनस्क्रीन अजून माझ्या पाहण्यात नाही. हा प्रश्न तुमच्या लेकीला आपल्या घरातला वाटतो, ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

अडचणीही ऐका. यातलं बरंचसं अजून प्रयोगशाळेतच आहे. लिग्निन दर वेळी सारखं निघत नाही, रंग आणि वास बदलतो. पऱ्हाटीत फवारणीचे अंश राहतात का, हे तपासल्याशिवाय ती चेहऱ्यावरच्या वस्तूत घालता येणार नाही. २०१७ च्या फवारणीतल्या विषबाधेनंतर यवतमाळ जिल्ह्यात त्याबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. लेकीने हाच प्रश्न प्रकल्पात मांडला तर तो नुसत्या ‘कडुनिंबाच्या पानांपासून नॅनोकण’ छापाच्या प्रकल्पापेक्षा कितीतरी वजनदार होईल. पाल्याचा रस वापरून कण बनवल्याचे शोधनिबंध ढिगाने निघतात, पण त्याने क्रीम नेमकी कशात सुधारली याचं उत्तर फार थोड्यांत सापडतं.

आता कॉलेज. गावोगावी फिरणारे एजंट ‘बी.टेक. नॅनोटेक्नॉलॉजी’ची रंगीत पत्रकं देतात, त्यांच्या नादी लागू नका. पहिली पदवी रुंद पायाची हवी. नागपूरची एलआयटी, म्हणजे १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण संस्था, आता स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. मुंबईची आयसीटी, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान संस्था, १९३३ ची. दोन्हीकडे तेलं आणि सरफेस कोटिंग, म्हणजे रंग-लेप यांच्या तंत्रज्ञानाचं शिक्षण मिळतं. रंगाचा आणि सनस्क्रीनचा काय संबंध, असं वाटेल. पण भिंतीच्या पांढऱ्या रंगातली मुख्य भुकटी टायटॅनियम डायऑक्साइडचीच असते, आणि ती गुठळ्या न होता द्रवात कशी पसरवायची हेच तिथे शिकवतात. सनस्क्रीनचा निम्मा प्रश्न तोच आहे. या प्रवेशांसाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गट लागतो, म्हणून गणिताचा आग्रह. बी.फार्म.ला पीसीएम किंवा पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) कोणताही गट चालतो आणि दोन्ही गटांची परीक्षा देता येते, तेव्हा ती वाट राखीव राहते. यवतमाळलाच राहून बी.एस्सी. केमिस्ट्री करायची असेल तरी हरकत नाही. मग आयआयटी जॅम ही एम.एस्सी. प्रवेशाची परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एम.एस्सी.ला जावं.

खर्चाची काळजी तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते. २०२४-२५ पासून राज्य सरकारने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. प्रवेश मात्र कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झाला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. हॉस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा धरा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, लागत असल्यास नॉन-क्रिमीलेअर, हे सगळं प्रवेशाआधी वेळेत काढून ठेवा.

नोकरी गावात मिळणार नाही, हे मी लपवत नाही. सौंदर्यप्रसाधनं, रंग आणि औषधांच्या कंपन्यांत फॉर्म्युलेशन केमिस्ट लागतात ते मुंबई-पुण्याकडे, आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो. संशोधनात जायचं तर एम.एस्सी. किंवा एम.टेक. आणि पीएच.डी. मिळून वाट लांब आहे. पण नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७ हजार रुपये मिळतात, घरून पैसे मागवावे लागत नाहीत.

बचत गटाचं थांबवा. सनस्क्रीन हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. विकण्यासाठी बनवायला कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परवाना लागतो, आणि चाचणीशिवाय एसपीएफचा, म्हणजे क्रीम उन्हापासून किती वाचवते त्याचा, आकडा लिहिता येत नाही. त्याहून मोठं म्हणजे, कुणी ते लावून दिवसभर वावरात राहिलं आणि पोळलं तर? शिवाय सुटी बारीक भुकटी श्वासातून आत जाणं घातक आहे. लेकीला घरात अशी भुकटी हाताळू देऊ नका.

प्रदर्शनासाठी तिला हा प्रयोग करायला सांगा. दुकानातली दोन सनस्क्रीनं घ्यावीत, एक झिंकचं, एक बिनझिंकचं. पारदर्शक पॉलिथिनच्या दोन तुकड्यांवर सारख्याच वजनाची क्रीम सारखी पसरावी. आधी काळ्या कापडावर ठेवून कोणती किती पांढरी दिसते ते टिपावं. मग खोटी नोट ओळखायचा यूव्ही दिवा, जो बहुतेक ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, नोटेवर धरावा. नोटेवरचे आकडे चमकतील. मधे क्रीमचा तुकडा धरला की चमक किती उतरते ते मोबाइलने एकाच अंतरावरून टिपावं. स्वस्त जांभळे टॉर्च बऱ्याचदा ३९५ चे असतात. तो प्रकाश झिंक ऑक्साइड फारसा शोषत नाही, नुसता विखुरतो, त्यामुळे दोन्ही दिव्यांतला फरक हाच तिच्या तक्त्यातला वाचण्यासारखा भाग होईल. दिव्याकडे थेट पाहायचं नाही, हे तिला बजावून सांगा.

आणि तिच्या सरांच्या सहीने एक पत्र माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेला, म्हणजे सिरकॉटला, पाठवा. तिथे नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प आहे आणि संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. पत्रात एकच प्रश्न असावा: फवारणी झालेल्या पऱ्हाटीतून काढलेल्या लिग्निनमध्ये कीटकनाशकाचे अंश उरतात का, आणि ते तपासायचे कसे.